गोठ्यातलं गोचिडीचं औषध कुत्र्याला लावू का? घरात मांजर आहे

वाईकर_गोठा
गावठी कुत्रा, वजन १८ किलो. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी भरल्यात. दोन दिवस भाकरीला तोंड लावत नाही, ताप १०४. गोठ्यात फवारायचं डेल्टामेथ्रिन शिल्लक आहे, तेच पाण्यात घालून लावलं तर? मांजर त्याच्याच कुशीत झोपतं.

पशुवैद्य_सातारा
नका लावू. ही औषधं मांजराच्या यकृताला मोडता येत नाहीत. ओल्या कुत्र्याला अंग घासलं तरी मांजराला झटके येतात. तापावर घरातली आयबुप्रोफेनही नको, पोटात रक्तस्राव होतो आणि गोचिडीतून येणाऱ्या आजारांत प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात.

गोचिडी आणि ताप एकत्र, म्हणजे आधी रक्त तपासायचं. प्लेटलेट मोजून घ्या. कानाच्या कडेला टोचून निघालेल्या पहिल्या थेंबाची काचही सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, बबेसिया (तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी) त्यात सापडायची शक्यता जास्त. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा दुसरा जंतू) निघाला तर डॉक्सीसायक्लिन, किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे याला रोज १८०, पूर्ण २८ दिवस, खाल्ल्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागतो आणि लोक गोळ्या थांबवतात. जंतू आत दबा धरून राहतात, मग काही महिन्यांनी नाकातून रक्त येतं. बबेसियाला नुसतं डॉक्सी पुरत नाही.

आत्ता वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघा. लघवीचाही.

कृष्णाकाठ
गोचीड काढताना टोकदार चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरा, सरळ ओढा, स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल नको, नखाने चिरडूही नका.

कुत्र्यावर दिसतात त्याहून जास्त घरात असतात. ही गोचीड भिंतीवर चढते. एक मादी हजारांवर अंडी घालते, तीही चौकटीमागे, पत्र्याच्या सांध्यात, फरशीच्या भेगेत. भेगा सिमेंटने बुजवा, गोणपाटाचं अंथरूण जाळून टाका. फ्लुरालानर ही गोचीड मारणारी गोळी, कुत्र्याला खायला द्यायची, १२ आठवडे काम करते, पण गोचीड चावल्यावरच मरते. दुसऱ्या दिवशी एखादी दिसली म्हणून गोळी वाया गेली असं समजू नका. फिट येणारा कुत्रा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वाईकर_गोठा
हिरड्या पांढुरक्या. लघवी कोऱ्या चहासारखी.

पशुवैद्य_सातारा
मग उद्यावर टाकू नका, तांबड्या पेशी फुटतायत. बबेसियाच असावा. चालवत नेऊ नका, उचलून गाडीत ठेवा. तिथे काच बघणारं कोणी नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, फोन करून निघा.