सबटायटल सुरुवातीला जुळतात, शेवटी चार मिनिटांनी चुकतात: प्रोग्रॅममध्ये काय बदलू?

शून्यापासून_मोजा

कोर्सच्या मिनी प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये सबटायटलची वेळ दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लिहितोय. एसआरटी फाइल (संवाद आणि त्यांच्या वेळा असलेली सबटायटलची साधी मजकूर फाइल) वाचायची, प्रत्येक वेळेत ठरावीक सेकंद मिळवायचे, नवी फाइल लिहायची, एवढंच काम. वेळ सेकंदांत, फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) ठेवली आहे. तीन ठिकाणी अडलंय.

चित्रपटाच्या फाइलीत ००:०२:०० ला असलेला संवाद प्रत्यक्षात ००:०२:०५ ला ऐकू येतो, म्हणून सगळीकडे ५ सेकंद मिळवले. पण ०१:४०:०० चा संवाद ऐकू येतो ०१:४४:१६ ला. एका मालिकेच्या भागात पहिली ११ मिनिटं तंतोतंत जुळतात आणि तिथून पुढे सगळे संवाद अडीच सेकंद आधी दिसतात. तिसरं म्हणजे मराठी सबटायटल दिले की पहिला संवाद गळतो आणि बाकी मजकुराचा कचरा होतो. इंग्रजी फाइलीला असं काही होत नाही.

विषय डेटा स्ट्रक्चर्सचा आहे, त्यामुळे त्यात बसेल असं काही सुचलं तर तेही सांगा.

चोवीस_फ्रेम

चित्रपटाचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. फाइलीतलं अंतर ६००० वजा १२०, म्हणजे ५८८० सेकंद. ऐकलेलं अंतर ६२५६ वजा १२५, म्हणजे ६१३१. भागाकार १.०४२७. हा आकडा कुठेही भेटला तरी ओळखू यायला हवा: २५ भागिले २३.९७६. सबटायटल सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या प्रतीवर बेतलेले आहेत आणि तुमचा व्हिडिओ २३.९७६ चा आहे. पाल या सेकंदाला २५ फ्रेमच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगाने पळवतात, त्यामुळे दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. अशा प्रतीसाठी लिहिलेल्या सबटायटलमध्ये कितीही सेकंद मिळवा, ते एकाच क्षणी जुळतील आणि पुढे परत सुटतील. इथे गुणाकार लागतो.

२३.९७६ हाही गोल केलेला आकडा आहे. खरा वेग २४००० भागिले १००१. तो धरून गुणोत्तर सोपं केलं की १००१ भागिले ९६० उरतं. म्हणून फ्लोट सोडा. वेळ पूर्णांक मिलिसेकंदांत ठेवा, १००१ ने गुणा, ४८० मिळवा आणि ९६० ने पूर्णांक भागाकार करा. ते ४८० जवळच्या मिलिसेकंदाला नेण्यासाठी आहेत. फ्लोटचं गणित इथे फार चुकत नाही, पण परत तास-मिनिटं-सेकंद करताना शेवटचा भाग गोल केला की मिलिसेकंदांच्या जागी १००० येऊ शकतात आणि ती ओळ चार अंकी होऊन बिघडते. पूर्णांकात हे होतच नाही. तुमचा ०१:४०:०० चा संवाद या हिशोबाने ०१:४४:१६,२५० ला जातो. ऐकलेल्या वेळेशी बरोबर जुळतं.

मोजताना एक काळजी घ्या. दोन संवाद एकमेकांपासून जितके लांब, तितकं चांगलं. कानाने वेळ टिपताना अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. ५८८० सेकंदांच्या अंतरावर ती गुणोत्तरात ०.०००१ च्याही आत राहते. तेच दोन संवाद पाच मिनिटांच्या अंतरावर घेतले तर चूक ०.००१७ होते, आणि मग २५/२३.९७६ आहे की २५/२४ ते ओळखताच येत नाही, कारण त्यांच्यातला फरकच ०.००१ आहे. चुकीचं निवडलंत तर ०१:४० पर्यंत सव्वासहा सेकंदांचा घोळ. व्हिडिओचा वेग अंदाजाने धरू नका, एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो ही व्हिडिओची माहिती दाखवणारी साधनं तो थेट सांगतात.

वेलांटी_उकार

मराठी फाइलीत दोन वेगळ्या चुका एकत्र दिसताहेत.

पहिला संवाद गळतो तो बॉम नावाच्या खुणेमुळे. काही एडिटर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) फाइलीच्या अगदी सुरुवातीला ही तीन बाइटची खूण टाकतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पहिल्या ओळीतल्या '१' ला चिकटून बसते, मग त्याचा पूर्णांक होत नाही आणि तुमचा पार्सर (फाइल वाचून तिचे भाग पाडणारा कोड) तो अख्खा संवाद टाकून देत असणार. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. खूण असेल तर काढली जाते, नसेल तर काही बिघडत नाही.

कचऱ्याचा प्रकार नीट बघा, कारण त्यावरून चूक कुठे झाली ते कळतं. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं येत असतील आणि त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए' परत परत दिसत असेल, तर यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ या रोमन लिपीच्या जुन्या एन्कोडिंगची समजून वाचली गेली आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, म्हणून तो 'ए' पुन्हा पुन्हा येतो. ही फाइल शाबूत आहे, फक्त वाचताना एन्कोडिंग सांगा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर लिहितानाच गेला, मूळ फाइल परत घ्यावी लागेल. आणि नुसते चौकोन दिसत असतील तर फाइल ठीक आहे, प्लेअरला देवनागरी फॉन्ट द्या.

जाता जाता: लांब ओळ तोडायचा विचार असेल तर अक्षरं मोजून तोडू नका, शब्दांमधल्या जागेवर तोडा. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथनची लांबी मोजणारी लेन मात्र ६ सांगते: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मधेच कापलंत तर पुढची ओळ वेलांटीने सुरू होते आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी दिसते. वाचणाऱ्याचा तेवढ्यात संवाद निसटतो.

एन_लॉग_एन

मालिकेच्या भागाला चोवीस_फ्रेम यांचा गुणाकार लावू नका. तिथे वेग बरोबर आहे, नाहीतर पहिली ११ मिनिटं जुळलीच नसती. जाहिरातीच्या जागेवरचा काळा पडदा एका प्रतीत ठेवलेला आणि दुसऱ्या प्रतीत कापलेला असला की नेमकं हेच होतं. तुमच्या व्हिडिओत तिथे अडीच सेकंद जास्त आहेत. त्या जागेच्या, म्हणजे सांध्याच्या, आधी काही मिळवायचं नाही, नंतरच्या प्रत्येक वेळेत २५०० मिलिसेकंद मिळवायचे.

ती जागा शोधणं हाच तुमच्या विषयातला भाग. सांध्याच्या आधीचे सगळे संवाद बरोबर, नंतरचे सगळे चूक, म्हणजे बायनरी सर्च चालतो. भागात ४०० संवाद असतील तर मधला ऐकून बघा, बरोबर असेल तर पुढच्या अर्ध्यात जा. ९ वेळा ऐकलं की शेवटचा बरोबर आणि पहिला चूक संवाद हाती येतो आणि सांधा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत असतो. सांधे अनेक असतील तर एक दुरुस्त करून उरलेल्या भागावर तेच परत.

कानाऐवजी प्रोग्रॅमने ऐकायचं असेल तर आवाजाचे १० मिलिसेकंदांचे तुकडे करा, बोलणं असेल तिथे १, नसेल तिथे ०. सबटायटलचंही तसंच, ओळ दिसत असेल तिथे १. मग एक माळ दुसरीवर सरकवून सर्वात जास्त कुठे जुळते ते बघायचं. दोन तासांत ७,२०,००० तुकडे होतात. प्रत्येक सरकवणं वेगळं तपासलं तर ५१८ अब्ज गुणाकार, एफएफटीने (सगळी सरकवणी एकदम मोजणारी जलद पद्धत) तेच काही कोटींत. माळेच्या शेवटी तितकेच शून्य जोडायला विसरू नका, नाहीतर शेवटचे संवाद गोल फिरून सुरुवातीशी जुळवले जातात आणि उत्तर भलतंच येतं. सबटायटल जुळवणारं एफएफसबसिंक हे साधन याच पद्धतीने चालतं. पण साध्या रूपात ही पद्धत एकच सरक सांगते, सांधे असलेल्या भागाला ती तुकड्या-तुकड्याने लावावी लागते. अशा भागांसाठी अलास हे साधन बघा.

शून्यापासून_मोजा

बॉमच होता, आणि कचऱ्यात तो तिरक्या रेघेचा 'ए' सुद्धा आहे. एक शंका: वेळ मागे सरकवताना सुरुवातीची वेळ ऋण आली तर ती ओळ काढून टाकू की शून्यावर आणू?

चोवीस_फ्रेम

संपण्याची वेळही ऋण किंवा शून्य असेल तर काढा. फक्त सुरुवात ऋण असेल तर सुरुवात शून्य करा, शेवट आहे तसा राहू द्या. काढल्यावर पुढचे क्रमांक १ पासून परत लावा. आणि लिहिताना सेकंदांनंतर स्वल्पविराम आहे ना ते तपासा. टिंब वेबव्हीटीटी या वेबवरच्या सबटायटल प्रकारात चालतं, एसआरटीत काही प्लेअर ती ओळ वाचतच नाहीत.