अनुभव धागा : मनगट, कोपर, अंगठा, टाच. कंडरा दुखते तेव्हा नेमकं काय करायचं?

माग, विड्या, शिलाई, भाकऱ्या. सोलापुरात दिवसभर एकच हालचाल करणारे हात घरोघरी आहेत, आणि "शीर धरली" म्हणत तेल चोळून पुन्हा कामाला बसणारेही घरोघरी. या विषयातल्या जाणकारांना विनंती आहे की नेमकं लिहा: किती वेळा, किती वजन, किती आठवडे, कुठे चुकतं. स्वतःच्या दुखण्याची कहाणी नको, दुसऱ्याच्या कामी येईल तेवढंच हवं. गोळ्यांचे डोस इथे कुणी सांगू नयेत.

फिजिओथेरपिस्ट, होटगी रोड

पहिली गोष्ट, दुखणारी प्रत्येक कंडरा सुजलेली नसते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा, कोलॅजेनच्या धाग्यांचा पांढरा पट्टा. दुखणं नवं असेल किंवा कंडरेभोवतीचं आवरण फुगलं असेल, तर सूज असते. तीन-चार महिने जुन्या दुखण्यात मात्र सूजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत. तिथे धागे विस्कटलेले असतात आणि त्यांत नको तिथे बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळीने चार दिवस बरं वाटतं, पण धागे काही जुळत नाहीत. पूर्ण विश्रांतीनेही जुळत नाहीत. महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला तर कंडरा आणखी कमजोर होते आणि कामावर गेल्याच्या आठवड्यात दुखणं परत हजर. तिला हवा असतो मोजून दिलेला भार.

कोपराचं उदाहरण घेऊ, कारण टेनिस एल्बोचे पेशंट सगळ्यात जास्त आणि त्यांतले बहुतेक टेनिस कधीच न खेळलेले. कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट दाबलं की कळ येते. तळवा खाली ठेवून भरलेला तांब्या उचलता येत नाही. हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट वर उचला आणि दुसऱ्याने ते खाली दाबावं. कोपरात कळ आली तर संशय पक्का.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता ताण द्यायचा. पालथा हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. मनगट सरळ रेषेत ३० ते ४५ सेकंद धरायचं, मग एक-दोन मिनिटं थांबायचं. असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. पुढे सावकाश उतरवणं: दुसऱ्या हाताने मनगट वर आणायचं आणि दुखऱ्या हाताने तीन-चार सेकंद घेत खाली सोडायचं. १५ चे ३ फेरे, दिवसातून एकदा. पंधरा सहज जमले की एक लिटरची बाटली, मग दीड किलोचं डंबेल.

दुखेल, आणि थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत ठीक. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या दिवसाइतकंच दुखत असेल तर भार बरोबर आहे, वाढलं असेल तर एक पायरी खाली या. फरक जाणवायला सहा आठवडे आणि भरवसा यायला बारा. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं की माणसं व्यायाम सोडतात, तिथेच सगळं घोडं अडतं.

विडी कामगार महिलांमध्ये काम करणारी आरोग्य कार्यकर्ती, कुंभारी

सर, तुमचं पटतं, पण विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. "काम कमी करा" हा नेहमी मिळणारा सल्ला घरात टिकत नाही. म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदलता येतं ते लिहिते.

अंगठ्याच्या बुडाशी दुखतं ते बरेचदा कात्रीमुळे. सगळी पानं एका बैठकीत कापली जातात आणि अंगठा दोन तास न थांबता उघडझाप करतो. पानं तीन हप्त्यांत कापा, मधे विड्या वळा. कापलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळली की मऊ राहतात. कात्रीला धार लावून घ्या आणि स्क्रूवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. कडीला सुती चिंधी गुंडाळा, म्हणजे कडी हाडात रुतत नाही. पानं-तंबाखूचं सूप मांडीवर खोल गेलं की मनगट वाकूनच राहतं. खाली चादरीची घडी घालून सूप वर घ्या, मनगट सरळ आलं पाहिजे.

तपासायचं असं: अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, पण अंगठ्याच्या बुडाशी झणकन कळ गेली तर तो बहुधा डी क्वेर्व्हेनचा आजार. डी क्वेर्व्हेन या स्वित्झर्लंडच्या सर्जनने १८९५ मध्ये तो नोंदवला. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात, त्या बोगद्याचं आवरण जाड होतं. बाळंतिणींनाही होतो, बाळाला काखेत अंगठे घालून उचलल्यामुळे. एक हात बाळाच्या पाठीखाली आणि एक बुडाखाली घालून उचला.

पट्टा घेताना अंगठाही धरणारा घ्या. मेडिकलमध्ये मिळणारा साधा मनगटपट्टा अंगठा मोकळा सोडतो, त्याने काही साधत नाही. काम नसेल तेव्हा आणि रात्री, तीन ते सहा आठवडे.

अस्थिरोगतज्ज्ञ

इंजेक्शनबद्दल स्पष्ट लिहितो, कारण "डॉक्टर, एक सुई मारून टाका" ही मागणी रोजची आहे. सुई कुठे द्यायची यावर सगळं अवलंबून आहे. डी क्वेर्व्हेन आणि अडकणारं बोट (वाकवलं की खटका बसून उघडतं ते) यांत कंडरेच्या आवरणात स्टिरॉइड दिलं तर चांगला गुण येतो. टेनिस एल्बोमध्ये पहिले सहा आठवडे छान जातात, पण वर्षाने मोजलं तर सुई घेतलेले, न घेतलेल्यांपेक्षा मागे असतात. घोट्यामागची आणि गुडघ्याखालची कंडरा यांत स्टिरॉइड टाळावं, तुटण्याचा धोका असतो. सुईच्या जागी कातडी पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, रोज तपासा. मधुमेह्यांमध्ये अडकणारं बोट आणि गोठलेला खांदा जास्त दिसतात, तेव्हा बोट अडकत असेल तर साखरही पाहून घ्या.

थांबू नये अशी एक अवस्था आहे. बोटाला शिलाईची सुई किंवा बाभळीचा काटा टोचला आणि एक-दोन दिवसांत ही चार लक्षणं दिसली: पूर्ण बोट सॉसेजसारखं फुगलेलं, किंचित वाकून राहिलेलं, तळव्याच्या बाजूने बोटभर दुखरं, आणि कुणी हलकेच सरळ केलं तरी असह्य. हा कंडरेच्या आवरणातला पू आहे. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या हाडांच्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर बोट कायमचं आखडतं.

चिकुनगुनियानंतर दोन्ही मनगटांची आणि घोट्यांची आवरणं सुजतात, कित्येकदा महिनोन् महिने. तापाची माहिती डॉक्टरांना सांगा, नाहीतर उपचार भलतीकडे जातो.

फार्मासिस्ट, सात रस्ता

दोनच मुद्दे. एक, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिक्समुळे कंडरा दुखू शकते, क्वचित तुटते, बहुतेक वेळा टाचेमागची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साठीपुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. गोळ्या चालू असताना टाच दुखू लागली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. जुन्या चिठ्ठीवर या गोळ्या मागू नका.

दोन, वेदनाशामक. वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत एकच डायक्लोफिनॅक निघतं आणि दुप्पट पोटात जातं. पाठीमागचं घटकाचं नाव वाचून घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, मागावर घाम गाळून पाणी कमी पडलेल्या माणसाने ही गोळी घेतली तर मूत्रपिंडावर बेतू शकतं. बीपी, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. जेल लावलं की वरून गच्च पट्टी किंवा गरम शेक देऊ नका.

मैदानावर मुलांना तयार करणारा प्रशिक्षक

पोलीस भरतीची जाहिरात आली की पोरं एकदम १६०० मीटर मारायला लागतात, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. दोन-तीन आठवड्यांत टाचेमागची कंडरा धरते. आधी जागा बघा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखत असेल तर पायरीचा व्यायाम: चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर यायचं, दुखऱ्या पायाने सावकाश टाच पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३, किंचित वाकवून १५ चे ३, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हा स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांचा १९९८ चा क्रम. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत पाच किलो वाळू. रोज एवढं जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, जास्त वजन, सावकाश वर आणि सावकाश खाली, यानेही तितकाच गुण येतो.

दुखणं अगदी हाडालाच असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका. सपाट जमिनीवर करा, बुटात टाचेखाली थोडी उंची द्या. पोटरीचा ताण ओढूनताणून देणं तर तिथे उलटंच पडतं.

नंदीध्वज (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली उंच, जड काठी) पेलणारे मानकरी बघा. संक्रांतीच्या यात्रेआधी सराव करूनच ते उतरतात, थेट त्या दिवशी काठी कमरेला लावत नाहीत. धावण्यालाही तेच लागू: आठवड्याचं अंतर थोडं थोडं वाढवा, आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवू नका.

धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट' आवाज आला, तर पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर कंडरा तुटली असं समजून लगेच दवाखाना.

जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा), अक्कलकोट रोड एमआयडीसी

पान्याची मूठ बारीक असली की जास्त आवळावं लागतं. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, जाडी वाढते, पकड सैल चालते. बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला जड रूळ) एकट्याने ओढू नये. तुटलेला धागा जोडताना मनगट वाकडं करून आत हात घालण्यापेक्षा एक पाऊल पुढे सरका. खांदा दुखणाऱ्या कामगाराला वरच्या फळीवरचे सुताचे कोन काढायला लावू नका, हात खांद्याच्या वर गेला की कंडरा दाबली जाते.

कडक भाकरीचा व्यवसाय करणाऱ्या ताई

पीठ जुनं झालं, विरी गेलं, की भाकरी थापताना चिरते आणि बाई दुप्पट जोर लावते. आठवड्याला लागेल तेवढंच दळून आणा. पीठ उकळत्या पाण्याने भिजवा, मळायला अर्धी ताकद लागते. ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्या, कोपर परातीपेक्षा वर आलं पाहिजे, म्हणजे अंगाचा भार कामी येतो. तवा एका हाताने पकडीत धरून उचलायचा नाही.

फिजिओथेरपिस्ट, होटगी रोड

ताई, पिठाचं मी आता पेशंटना सांगणार.

शेक की बर्फ, हे कुणी विचारायच्या आधीच लिहितो. नवं, गरम लागणारं, सुजलेलं असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं. जुनं, सकाळी आखडणारं असेल तर व्यायामाआधी गरम शेक. दोन्हींनी फक्त वेदना कमी होते. मशीनच्या शेकावर दहा-दहा दिवस घालवून व्यायाम शिकवला गेला नसेल, तर उपचाराचा मुख्य भाग अजून सुरूच झालेला नाही.

आणि सगळं कंडरेवर ढकलू नका. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली नस दबली आहे. दोन्ही हात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील तर वाताची रक्ततपासणी हवी. कोपरासोबत मानही दुखत असेल तर आधी मान तपासून घ्या.

कामावर परतताना पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं, मग सकाळची कसोटी बघत दर आठवड्याला थोडं वाढवा. टेनिस एल्बोचा पट्टा कोपराच्या सांध्यावर बांधू नका. तो दोन बोटं खाली, हाताच्या मांसल भागावर, एक बोट आत जाईल इतकाच घट्ट असावा, आणि काम संपलं की काढून ठेवावा.