वय झालेली अभिनेत्री आणि मोठी भूमिका: काय सावरता येतं, कधी थांबावं?

बॅकस्टेजवाली

नमस्कार मंडळी. एका नाटकाची रंगमंच व्यवस्था माझ्याकडे आहे. मुख्य भूमिका ६९ वर्षांच्या ज्येष्ठ अभिनेत्री करतात. त्यांच्या परवानगीनेच विचारते आहे, नाव मात्र देत नाही. इथे त्यांना 'बाई' म्हणू. नाटक दोन अंकी, सव्वादोन तासांचं, आणि बाई जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर.

अडचणी अशा. पहिला अंक आवाज छान लागतो, दुसऱ्याच्या मध्यापासून घोगरा होतो आणि वाक्यांचे शेवट ऐकू येत नाहीत. अधूनमधून वाक्य गळतं. एका प्रयोगात तर पहिल्या अंकातून थेट दुसऱ्या अंकातल्या संवादावर उडी गेली. प्रवेश संपताना अंधारात तीन पायऱ्या उतरून विंगेत जायचं असतं, तिथे पाय अडखळतो. आणि सेटवरच्या सोफ्यातून उठताना हात टेकावा लागतो, जे त्या व्यक्तिरेखेला शोभत नाही.

दिग्दर्शकांना आताच बदली कलाकार हवी आहे. निर्माते म्हणतात, लागलेले प्रयोग निभावून न्या. बाईंचा प्रश्न सरळ आहे: यातलं दुरुस्त होण्यासारखं काय आहे आणि काय नाही? धीराचे शब्द त्यांना पुष्कळ मिळतात, इथून नेमकी माहिती हवी आहे.

स्वरपट्टी

आवाजापासून सुरुवात करते, कारण तिथे सुधारणेला बराच वाव असतो.

वयाबरोबर स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो आणि वरचं आवरण ताठर होतं. बोलताना दोन्ही तंतू जवळ येतात, पण मधे फट राहते. तिच्यातून हवा निसटते, म्हणून वाक्याच्या शेवटाला श्वास पुरत नाही. शिवाय रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो. भूमिका जुन्या पट्टीत बसलेली असली की ती पट्टी गाठायला गळा आवळला जातो आणि दुसऱ्या अंकापर्यंत थकतो. तुम्ही लिहिलेली लक्षणं याच्याशी जुळतात. पण सूज, गाठ किंवा एका तंतूची हालचाल मंदावणं, यांतही आवाज असाच लागतो. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्ट्रोबोस्कोपी करून घ्या. तीत कंप पावणारे तंतू संथ गतीत दिसतात आणि फट कुठे, किती आहे ते कळतं. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला असेल तर ही तपासणी पुढे ढकलू नका.

व्यायाम एकच सांगते, पण तो रोज व्हायला हवा. अर्ध्या ग्लास पाण्यात साधी स्ट्रॉ धरायची, टोक पाण्याखाली २ ते ३ सेंटिमीटर. स्ट्रॉतून 'ऊ' म्हणत आवाज सोडायचा. आधी एक सूर, मग खालून वर, वरून खाली. एका वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि मध्यंतरात दोन मिनिटं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तुटक येत असतील तर श्वास अडखळतो आहे किंवा गळा आवळला जातो आहे. स्ट्रॉ खोल बुडवून जोर काढण्यात काही मिळत नाही, थकलेल्या गळ्यावर ताणच येतो.

मग संहितेवर श्वासाच्या खुणा नव्याने करा. पूर्वी तीन ओळी एका दमात जात असतील तर आता मधे दोन श्वास हवेत, आणि ते अर्थाच्या तुकड्यांवर पडायला हवेत. हे दिग्दर्शकांसोबत बसून ठरवा. नाहीतर लय बिघडली म्हणून ते तालमीत श्वास काढून टाकतील आणि बाई पुन्हा गळ्यावर येतील.

औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घसा सुकतो. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पर्याय विचारायचा. सारखं खाकरण्याची सवय असेल तर त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन गिळावं. प्रयोगाच्या दिवशी आवाज वाचवायला कुजबुजत बोलू नये. कुजबुजतानाही गळा ताणला जातो, त्यापेक्षा गप्प बसणं बरं.

कॉलर माइकने पाठीमागच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल, पण गिळलेला शेवटचा शब्द माइक परत आणत नाही. तो आधी श्वासाने सावरायचा.

तालीमघर

स्वरपट्टींशी सहमत. मी फक्त वाक्य गळण्याबद्दल लिहितो, कारण तिथे निदान चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

वाक्य गळलं की सगळे स्मरणशक्तीकडे बोट दाखवतात. आधी कान तपासा. वयानुसार वरच्या कंपनसंख्येचे आवाज प्रथम कमी ऐकू येतात आणि स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्यावरच असते. म्हणजे समोरचा बोलला हे कळतं, काय बोलला ते निसटतं. त्यात सहकलाकार पाठ फिरवून बोलत असेल किंवा खाली पार्श्वसंगीत असेल, तर क्यू, म्हणजे ज्यावरून आपलं वाक्य सुरू करायचं ते समोरच्याचं बोलणं, गेलाच.

हे ताडून बघता येतं. संहितेची एक प्रत फक्त यासाठी ठेवा. जिथे जिथे वाक्य अडलं तिथे तीन गोष्टी नोंदवा: आधीचं वाक्य कोणाचं, तो कुठे तोंड करून उभा होता, संगीत चालू होतं का. नोंदी एकाच सहकलाकाराभोवती किंवा एकाच कोपऱ्याभोवती जमल्या तर संशय कानावर. बाईंच्या स्वतःच्या लांब भाषणात अडत असेल तर पाठांतरावर. ऑडिओग्राम, म्हणजे कानांची चाचणी, मात्र दोन्ही परिस्थितीत करून घ्या. श्रवणयंत्र लागलं तर ते केसांच्या टोपाखाली शिट्टी मारू शकतं, म्हणून टोप घालूनच तालीम करा. आणि ते थेट प्रयोगात वापरू नका. आधी काही आठवडे घरी-दारी सवय व्हायला हवी, कारण सुरुवातीला स्वतःचाच आवाज परका वाटतो आणि त्याने आवाजाची फेक बिघडते.

आता ती उडी. एका अंकातून दुसऱ्यात उडी जाते तेव्हा बहुतेक वेळा दोन ठिकाणचे क्यू सारखे असतात. बाईंच्या प्रत्येक वाक्याआधीचे शेवटचे तीन शब्द एका कागदावर ओळीने उतरवा. समजा पहिल्या अंकात "मग काय ठरवलंस?" असा क्यू आहे आणि दुसऱ्यात "आता काय ठरवलंस?". दमलेल्या अवस्थेत कान फक्त 'काय ठरवलंस' पकडतो आणि जे उत्तर आधी सुचेल ते तोंडून जातं. लेखकाची परवानगी घेऊन एका जागी "ठरलं का काही?" करून टाका. शब्द बदलता येत नसेल तर जागा बदला: पहिल्या वेळी बाई खिडकीशी उभ्या, दुसऱ्या वेळी बसलेल्या आणि हातात चष्मा. शरीर वेगळ्या स्थितीत असलं की शब्दही वेगळे येतात. माझ्या मते या एका कागदाने तुमचा अर्धा प्रश्न सुटेल.

पाठांतराची पद्धतही बदलावी लागते. पुन्हा पुन्हा वाचल्याने येतंय असं वाटतं, पण ऐन वेळी आठवण्याचा सराव त्यातून होत नाही. संहिता मिटून म्हणायचं, अडलं तरच बघायचं. अंतर वाढवत न्यायचं: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने. फोनवर फक्त सहकलाकारांची वाक्यं रेकॉर्ड करा आणि बाईंच्या वाक्यांइतकी मोकळी जागा मधे सोडा. म्हणताना त्या प्रवेशात हाताने जे काम आहे तेच करत म्हणावं. प्रयोगाच्या दिवशी अख्खी संहिता घोकू नये, फक्त धोक्याच्या जागा बघाव्यात.

प्रत्येक धोक्याच्या जागेसाठी सहकलाकाराकडे एक सुटकेचं वाक्य तयार हवं, ज्यात पुढचा विषय येतो: "तुम्ही त्या पत्राबद्दल म्हणत होतात." प्रॉम्प्टरने, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सुचवणाऱ्याने, एक शब्द टाकू नये, पहिले तीन सलग आणि स्पष्ट द्यावेत. बाईंचे पॉज त्याच्या प्रतीवर लाल रंगाने असू द्या, नाहीतर तो पॉजमधे घुसतो आणि जे आठवत होतं तेही जातं. कानातल्या प्रॉम्प्टिंगच्या फंदात निदान ऑडिओग्रामआधी पडू नका. ज्या कानाने क्यू ऐकायचा तोच अडतो.

गोंधळ रंगमंचाबाहेरही दिसत असेल, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारणं किंवा ओळखीचा रस्ता चुकणं, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२ आणि झोपेच्या गोळ्या हेही तपासायला सांगा, ती कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात.

निळा दिवा

पायऱ्यांचं काम तुमच्याच हातातलं आहे. वयस्कर डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही आणि प्रखर प्रकाशातून आल्यावर काळोखाला सरावायला वेळ लागतो. तुमच्या लाइटवाल्याला दिसतं तेवढं बाईंना दिसत नाही.

पूर्ण अंधाराऐवजी मंद निळा ठेवा, किंवा बाई शेवटची पायरी उतरेपर्यंत अंधार तीन-चार सेकंद उशिरा करा. पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी टेप लावा, पण ती प्रयोगाआधी उजेडात भारावी लागते. हे विसरलं की ऐन वेळी टेप काळी. विंगेत निळा दिवा आणि ठरलेला एक माणूस हवा, ज्याचा हात दर प्रयोगाला त्याच जागी असेल. पोशाख पायघोळ असेल तर पायरीपुरता तरी ३-४ सेंटिमीटर वर घ्या. आणि बाई प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतात का ते विचारा. त्याचा खालचा भाग जवळच्या वाचनासाठी असतो, त्यातून पायरी धूसर दिसते. रंगमंचावर फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा बरा.

सोफ्यासाठी व्यायामाआधी सुतार बोलवा. गादीखाली प्लायवूडची फळी टाकली की बैठक खचत नाही, पायांना ठोकळे लावले की उंची वाढते. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर असावी. मागचे पाय थोडे कमी उचलून सोफा पाठीकडे कललेला ठेवू नका, नाहीतर उठणं आणखी अवघड.

पायांची ताकद बघायला सोपी चाचणी आहे. सुमारे ४३ सेंटिमीटर उंच, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. कोणीतरी शेजारी उभं राहा. उठताना चक्कर येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी सोफा कितीही उंच केला तरी उपयोग नाही.

बॅकस्टेजवाली

क्यूंचा कागद बनवायला घेतला. पहिल्याच अंकात सारख्या क्यूंच्या दोन जोड्या सापडल्या! बाई कान तपासायला तयार आहेत. पण समजा हे सगळं करूनही नाही जमलं, तर थांबण्याचा निर्णय कसा घ्यायचा? दिग्दर्शक म्हणतात, तोवर याच नाटकात त्यांना एका प्रवेशाची छोटी भूमिका द्यावी.

जुनी संहिता

उपायांना मुदत द्या, साधारण आठ आठवडे. मुदत सुरू होण्याआधीच बाईंनी स्वतःच्या हाताने अटी लिहाव्यात: दुसऱ्या अंकाचा शेवट ऐकू गेला पाहिजे, सुटकेचं वाक्य एका प्रयोगात एकापेक्षा जास्त वेळा वापरावं लागता कामा नये, आणि अशाच एकदोन. निकष नंतर ठरवले तर एखाद्या वाईट प्रयोगाच्या रात्री निर्णय होतो, किंवा एखाद्या चांगल्या प्रयोगानंतर तो टळतो. अटी त्यांच्या असल्या म्हणजे त्यांना कोणी काढत नाही. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे.

या काळात एका दिवशी दोन प्रयोग नकोत, आणि लांबच्या प्रवासानंतर त्याच संध्याकाळी प्रयोग नको. बदली कलाकारही आत्ताच उभी करा. तिला नुसतं विंगेत बसवून भागत नाही, सेटवर पूर्ण तालमी द्या आणि एक प्रयोग आधीच ठरवून तिच्या नावावर लावा. आयत्या वेळी उभी राहिलेली बदली पडली तर तिचंही नुकसान आणि बाईंवरचा ताणही वाढतो.

थांबायचं ठरलं तर तारखा पक्क्या झाल्याशिवाय 'शेवटचे प्रयोग' जाहीर करू नका, आणि जाहीर केल्यावर वाढवू नका. निर्मात्यांशी लेखी ठरवा: किती आधी कळवायचं, प्रयोग अर्ध्यावर थांबला तर मानधनाचं काय, चित्रीकरणाचे हक्क कोणाकडे.

छोट्या भूमिकेबद्दल माझं मत विरुद्ध आहे. दुसऱ्या अंकातल्या एका प्रवेशासाठी रंगभूषा तीच, प्रवास तोच, आणि वर दीड तास विंगेत बसून आवाज आणि गुडघे दोन्ही थंड पडतात. तयारी मध्यंतरात पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शिवाय स्वतःची भूमिका दुसरीच्या तोंडून रोज ऐकायची.

तालीमघर

शेवटचा मुद्दा सरसकट मान्य नाही. दुसऱ्या नाटकातली, बसून करायची, पहिल्याच अंकात संपणारी भूमिका काही जणींना चांगली मानवते. याच नाटकात मात्र नको, तिथे तुमचं बरोबर आहे.

स्वरपट्टी

अभिवाचन आणि ध्वनिमुद्रण यांचाही विचार करा. तिथे पाठांतर नाही, पायऱ्या नाहीत आणि आवाज फेकावा लागत नाही. तोंड कोरडं पडलं की माइकमधे चटचट ऐकू येते, म्हणून साधं पाणी हाताशी हवं आणि एका बैठकीत ४०-४५ मिनिटांपेक्षा जास्त नको. संहिता १८ पॉइंटच्या मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापा. वाक्य पानाच्या शेवटी तोडू नका. पान उलटताना श्वास अडतो, आणि ध्वनिमुद्रणात तो लगेच कळतो.