टेस्टमधला मोबाईल मेल सर्व्हर प्रॉडक्शन (खऱ्या वापराच्या) नेटवर्कवर न्यायचाय, सुरुवात कुठून करू?

जालन्याचा_नेटवर्कवाला

नमस्कार मंडळी. जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत आयटी बघतो. आमचे फील्डवरचे पोरं भोकरदन, मंठा, परतूर, घनसावंगी, इकडं सेलू-जिंतूरपर्यंत फिरतात आणि डीलरची ऑर्डर, गोडाऊनचा स्टॉक, रेटचं पत्र सगळं फोनवरच बघतात. आतापर्यंत मेल शेअर्ड होस्टिंगवर आहे, फोनमध्ये आयमॅप (सर्व्हरवरचा मेल बघायची पद्धत) टाकलेलं, मेल कधी पण उशिरा येतो आणि कॉन्टॅक्ट, कॅलेंडर तर सिंकच होईनात.

म्हणून ऑफिसात उबंटूवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं), डोव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारं) आणि त्याच्यावर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमागं झेड-पुश (पीएचपीतलं ॲक्टिव्हसिंक सॉफ्टवेअर) असं बसवलंय, म्हणजे फोनला ॲक्टिव्हसिंकनं (मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर फोनशी सिंक करायची पद्धत) मेल लगेच मिळावा. टेस्ट वेगळ्या व्हीलॅनवर (ऑफिसातच वेगळं काढलेलं नेटवर्क) आहे, प्रायव्हेट आयपी, सेल्फ-साइन्ड (स्वतःच बनवलेलं) सर्टिफिकेट, बाहेर जाणारा पोर्ट २५ (दुसऱ्या सर्व्हरला मेल पाठवायचा) बंद. वायफायवर चार फोन जोडलेत आणि ते एकदम मस्त चालायलेत.

आता हेच प्रॉडक्शनला न्यायचंय. स्टॅटिक आयपी मिळालाय, फायरवॉलच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून दिसणाऱ्या सर्व्हरसाठीचा वेगळा भाग) जागा केलीय, फोन साधारण सव्वाशे. मृगाच्या आधी संपवायचंय, कारण एकदा सोयाबीन-कपाशीच्या बियाण्याची गडबड सुरू झाली की मेल तासभर बंद राहिलेला पण चालत नाही. हेच व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) क्लोन करून आयपी बदलू का नवीन उभं करू? आणि फोनवाल्यांना काय काय करायला लावावं लागंल? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

वाळूज_सिसॲडमिन

भाऊ, क्लोन करू नका. टेस्टचं व्हीएम तसंच उचलून नेणं म्हणजे नर्सरीतलं रोप पिशवीसकट शेतात पुरणं. टेस्टमध्ये आपण सोयीसाठी लई गोष्टी सैल सोडलेल्या असतात. नवीन मशीन उभं करा, कॉन्फिग फाइल एकेक ओळ वाचत आणा.

सगळ्यात आधी पोस्टफिक्समधली मायनेटवर्क्सची (लॉगिनशिवाय कोणाला मेल पाठवू द्यायचा) ओळ बघा. टेस्टला तिथं अख्खी रेंज टाकलेली असती, ती तशीच डीएमझेडमध्ये गेली आणि फायरवॉल बाहेरचा ट्रॅफिक स्वतःच्या आतल्या आयपीनं पुढं पाठवत असंल तर तुमचा सर्व्हर ओपन रिले झाला समजा, स्पॅमवाले तुमच्या नावानं मेल सोडणार आणि आयपी ब्लॅकलिस्टला जाणार. फक्त लोकलहोस्ट ठेवा, बाकी सगळ्यांनी पोर्ट ५८७ वर लॉगिन करूनच मेल पाठवायचा.

दुसरं म्हणजे क्यू, पाठवायच्या मेलची रांग. तुम्ही म्हणता पोर्ट २५ बंद होता. मग टेस्ट करताना खऱ्या डीलरच्या पत्त्यावर कोणी काही पाठवलं असंल तर ते क्यूमध्ये पडून असणार, पोस्टफिक्स डिफॉल्टला ५ दिवस प्रयत्न करत राहतं. क्लोन करून पोर्ट उघडला की "टेस्ट ऑर्डर ५०० पाकिटं" असले मेल खरेच जाऊन पोचतील. नवीन मशीन घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

डीएनएसचं (डोमेनच्या नोंदींचं) काम आधीपासून करा. एमएक्सचा (मेल कोणत्या सर्व्हरवर यायचा ती नोंद) टीटीएल (बाकीचे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात) दोन-तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. एसपीएफमध्ये (तुमच्या नावानं मेल पाठवू शकणाऱ्या आयपींची यादी) जुना आणि नवीन दोन्ही आयपी राहू द्या, डीकेआयएमला (मेलवरची डिजिटल सही) नवीन सिलेक्टर (सहीच्या किल्लीचं नाव) घ्या, डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं तो नियम) आधी नुसत्या निरीक्षणावर ठेवा. पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) तुमच्या डोमेनच्या पॅनलमधून होत नाही, ज्यांच्याकडून आयपी घेतला त्यांनाच लेखी मागावा लागतो आणि तिथं वेळ जातो, म्हणून तो अर्ज आजच टाका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं सगळ्याच पाठवणाऱ्यांना पीटीआर आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम लागू केलंय, आणि तुमच्या डीलर लोकांचे पत्ते जीमेलचेच असणार. बाहेर जाणारा २५ पुरवठादारानं उघडलाय का तेही त्याच अर्जात विचारा.

जुने मेल आयमॅपसिंक या प्रोग्रामनं आणा, एक फेरी आधी आणि एक एमएक्स बदलल्यावर. मधे थोडा वेळ सर्व्हर बंद राहिला तरी घाबरू नका, पाठवणारे सर्व्हर परत परत प्रयत्न करतात, मेल हरवत नाही.

नांदेडी_लिनक्स

वरच्या दादांनी मेलचं सगळं सांगितलं, मी फोनच्या बाजूनं सांगतो कारण तुम्हाला खरा त्रास तिथंच होणार हाय.

ॲक्टिव्हसिंकमध्ये फोन सर्व्हरला एक रिक्वेस्ट टाकतो आणि ती उघडीच धरून बसतो, नवीन मेल आला की सर्व्हर त्याच रिक्वेस्टला उत्तर देतो, म्हणून मेल लगेच येतो. म्हणजे एक फोन म्हणजे पीएचपीचा एक वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) कायम अडकलेला. उबंटूवर पीएचपी-एफपीएमची (हे वर्कर चालवणारा प्रोग्राम) डिफॉल्ट मर्यादा ५ वर्करची असती. तुमचे फोन चार, म्हणून मस्त चालायलेत! पाचच्या पुढं गेलात की बाकीच्यांचं नुसतं चाक फिरत राहील आणि लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनचा (वर्कर कमी पडल्याचा) इशारा दिसंल. सव्वाशे फोनला दीडशेच्या वर ठेवा, झेड-पुशसाठी वेगळा पूल (वर्करचा गट) करा आणि एका वर्करला किती रॅम लागती ते मोजूनच मशीनची रॅम ठरवा.

मग टाइमआउट. एनजिनएक्स पीएचपीच्या उत्तराची डिफॉल्टला ६० सेकंद वाट बघतं आणि कनेक्शन तोडतं, ती वेळ फोनच्या पिंगपेक्षा (उघडी धरलेली ती रिक्वेस्ट) जास्त पाहिजे. तसंच फायरवॉलवर पोर्ट ४४३ चा (एचटीटीपीएस) आयडल टाइमआउट (शांत कनेक्शन किती वेळ ठेवायचं) अर्ध्या तासापर्यंत न्या. तो कमी राहिला तर फोन सारखा नवीन कनेक्शन करतो, मेल येतो पण दुपारपर्यंत बॅटरी संपती. मंठ्याच्या पुढं रेंज आधीच कमी, त्यात बॅटरी गेली की पोरगं संपर्काबाहेर.

आणि फेल-टू-बॅन (सारखं चुकीचं लॉगिन करणारा आयपी ब्लॉक करणारा प्रोग्राम) लावलं असंल तर इकडं नीट लक्ष द्या. मोबाईल डेटावर शेकडो ग्राहक एकाच पब्लिक आयपीमागून येतात. एकानं पासवर्ड बदलला आणि फोनमध्ये जुनाच राहिला की त्याचा फोन सारखा चुकीचं लॉगिन मारतो, आयपी ब्लॉक होतो आणि त्याच्यासंगं त्याच आयपीवरचे तुमचे बाकीचे लोक पण बंद. मर्यादा ढिली ठेवा, ब्लॉकची वेळ थोडी ठेवा.

टेस्टचं झेड-पुशचं स्टेट फोल्डर (कोणत्या फोनचं किती सिंक झालं त्याची नोंद) आणू नका. रिकामं ठेवा, फोन आपोआप पहिल्यापासून सिंक मागतो.

जालन्याचा_नेटवर्कवाला

पाच वर्करचं वाचून आत्ताच फाइल उघडली, ५ च आहेत. पोरांच्या फोनवर जायच्या आधी कळलं हे लई चांगलं झालं, मनापासून आभार.

अजून दोन गोष्टी विचारतो. प्रॉडक्शनच्या आयपीवर सर्व्हरचं नाव लावून बघितलं तर मोबाईल डेटावर फोन जोडतो पण ऑफिसच्या वायफायवर आला की जोडतच नाही, हे काऊन व्हायलंय? दुसरं, अकाउंट जोडताना फोन म्हणतो की सर्व्हरला फोनमधला डेटा पुसायचा अधिकार द्या. पोरं घाबरायलेत.

परभणीकर_११

वायफायवर फोनला सर्व्हरच्या नावाला त्याचा पब्लिक आयपी मिळतो आणि तुमची फायरवॉल आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाही. ऑफिसच्या डीएनएसमध्ये त्याच नावाला सर्व्हरचा आतला आयपी द्या, होऊन जाईल. फोनमध्ये आयपी कधीच टाकू नका, नावच टाका, मग उद्या सर्व्हर कुठं पण हलवा.

लातूरची_आयटीवाली

दादा, पोरांची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. ॲक्टिव्हसिंकमधून रिमोट वाइप पाठवला तर बऱ्याच फोनवर नुसता मेल जात नाही, अख्खा फोन कोरा होतो. फोन त्यांचे स्वतःचे आहेत, त्यात लेकरांचे फोटो आहेत, बँकेचं ॲप आहे. आमच्याकडं आम्ही एचआरकडून मराठीत एक पानाचं पत्र काढलं की फोन हरवल्यावर, मालकानं स्वतः सांगितल्याशिवाय वाइप पाठवला जाणार नाही, आणि त्यावर आमची पण सही, त्यांची पण सही. वाइपचा अधिकार फक्त दोघांकडं ठेवा.

सर्टिफिकेटचं पण सांगते. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) घ्या आणि एनजिनएक्सला पूर्ण चेनची (तुमचं आणि त्याच्या वरचं मधलं सर्टिफिकेट) फाइल द्या. ते मधलं, इंटरमीजिएट, राहिलं तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर बऱ्याचदा सगळं बरोबर दिसतं आणि अँड्रॉइड मात्र नकार देतो, तुम्ही खुर्चीत बसून शोधत राहता. टेस्टच्या चार फोनवर "सगळी सर्टिफिकेटं चालतील" हा पर्याय निवडलेला असंल, ते अकाउंट काढून नव्यानं जोडा, नाहीतर ते फोन चुकीचं सर्टिफिकेट पण गपचूप मान्य करत राहतील.

आणि एकदम सव्वाशे फोन नका घेऊ हो. पहिल्यांदा एकाच तालुक्याचे घ्या, त्यातही रेंज सगळ्यात खराब असलेला तालुका निवडा. सिंकमध्ये एक आठवड्याचेच मेल ठेवायला सांगा, सगळे मागितले तर पहिल्याच दिवशी पोरांचा डेटा संपंल.

जालन्याचा_नेटवर्कवाला

ताई, पत्राचं उद्याच एचआरशी बोलतो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

ठरवलं असं. पीटीआर आणि पोर्ट २५ चा अर्ज आज गेला. नवीन व्हीएम उबंटूवरच, पूल दीडशेचा, आधी घनसावंगीचे फोन, एमएक्स शनिवारी रात्री बदलायचा म्हणजे रविवार हातात राहतो. जुनं होस्टिंग लगेच बंद करत नाही, खरीप संपंपर्यंत त्याचे पैसे भरायची मालकांकडून परवानगी घेतली.

@नांदेडी_लिनक्स, फायरवॉलवर आयडल टाइमआउट सगळ्या ४४३ ला वाढवू का फक्त या सर्व्हरच्या रूलला?

नांदेडी_लिनक्स

फक्त त्या एका रूलला. सगळ्याला वाढवला तर सेशन टेबल (फायरवॉलची चालू कनेक्शनची यादी) भरून ऑफिसचं बाकीचं नेट हळू होईल.