अश्वत्थामा तेल का मागतो?

उशिराचा वाचक:
जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, पन्नाशीनंतर कथा वाचायला लागलोय. परवा एका कथेत वाक्य आलं, 'काका अश्वत्थाम्यासारखे दारोदार तेल मागत फिरले.' मला वाटलं, घरातलं तेल संपलं असेल. पण पुढच्याच परिच्छेदात काका भाचीच्या लग्नात भारी आहेर करतात! कोश उघडला. 'द्रोणपुत्र, चिरंजीव.' म्हणजे काका दीर्घायुषी? तुम्हा लोकांना हे कळतं कसं?

टीपकार:
तेल जखमेसाठी हो. अश्वत्थाम्यानं रात्री छावणीत शिरून द्रौपदीची झोपलेली मुलं मारली. मग त्याच्या डोक्यावरचा मणी गेला आणि कृष्णाचा शाप लागला, एकटा भटकत राहशील. कपाळाची जखम भरत नाही, म्हणून तो अजून तेल मागत हिंडतो, असं लोक सांगतात. कोश माणूस सांगतो, प्रसंग नाही. घोळ तिथंच होतो. 'कर्णासारखा' म्हटलं की दानशूर, पण 'ऐन वेळी चाक रुतलं' म्हटलं की तोच कर्ण, नाव न घेता, अगदी वेगळ्या कामाला लावलेला. नावापेक्षा सोबतची वस्तू धरा.

रानवाट:
आणि दर वेळी पुराणच काढू नका. चकोर चांदणं पितो, हंस पाण्यातलं दूध वेगळं करतो, हे नुसते कविसंकेत. खरा चकोर मी चित्रात पाहिला तेव्हा हिरमुसले होते, तित्तिराचा भाऊबंद निघाला! ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात 'चकोरतलगें', म्हणजे चकोराची पिल्लं, शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण वेचतात. श्रोत्यांनी कथा तशी हळुवार घ्यावी म्हणून. तिथं पक्षिशास्त्र काढलंत की ओवी गेली.

टिचकी:
उपमा बसत नसेल तर कोशाआधी मागची पानं चाळा.

उशिराचा वाचक:
चाळली. आठ पानं आधी काकांनी रात्रीतून भावाची गवताची गंजी पेटवल्याचं एका ओळीत येऊन गेलंय. तेव्हा मी गवताचं नुकसान किती झालं असेल याचा आकडा मांडत बसलो होतो. आता आणखी एक. त्याच पानावर म्हातारे वडील 'कुणी केलं रे?' विचारतात, तर थोरला 'नरो वा कुंजरो वा' पुटपुटून बाहेर जातो. कुंजर म्हणजे हत्ती, एवढं कोशात मिळालं. हा हत्ती कुठला?

टीपकार:
त्याचंही नाव अश्वत्थामाच.