शब्दचर्चा : गिअरबॉक्स ‘बसला’ की ‘बसवला’?

शिल्प निदेशक, दर्यापूर :
सप्रेम नमस्कार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांसाठी मी गिअरबॉक्स बदलण्याच्या कामावर मराठीत टिपण लिहीत आहे. ट्रॅक्टर आणि जीप त्यांना रोजच दिसतात, म्हणून उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे. लोटस सेव्हन ही इंग्लंडमधील दोन आसनी स्पोर्ट्स कार कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणली आणि १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. सुटे भाग घरी नेऊन मालकाने स्वतः जोडावेत, अशा रूपातही ती विकली जात असे, कारण तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर त्या काळी सुट्या भागांच्या संचावर लागत नव्हता. या जातीच्या गाड्यांत फोर्ड सिएरा मोटारीतला ‘टाइप ९’ हा पाच गिअरांचा गिअरबॉक्स पुष्कळ वापरला गेला, आणि तो बदलण्याची कृती मी लिहितो आहे.

तीन ठिकाणी अडलो आहे. ‘हलकी स्पोर्ट्स कार’ म्हणावे का? शाफ्टवरच्या ‘स्प्लाइन’ला काय म्हणावे? आणि ‘गिअरबॉक्स पूर्ण बसला की बोल्ट कसावेत’ हे वाक्य मला खटकते, पण नेमके का खटकते ते सांगता येत नाही.

निवृत्त मराठी शिक्षक, उमरेड :
पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे जमीन ‘हलकी’ असते आणि ‘भारी’ असते, आणि हलकी म्हणजे कमी पिकणारी, हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. माल हलका म्हणजे कमी प्रतीचा. तेव्हा ‘कमी वजनाची’ असेच लिहावे. सुमारे ५०० किलोंची गाडी असे आकड्यात लिहिले, तर विशेषणाची गरजही उरणार नाही.

तिसरी शंका मात्र खरी भाषेची आहे. ‘बसणे’ हे क्रियापद यंत्राच्या बाबतीत दोन उलट दिशांना जाते. भाग आपल्या जागी नीट गेला की तो ‘बसला’ म्हणतात, आणि बॅटरी उतरली, धंदा बुडाला किंवा पावसात भिंत खचली, तरीही ‘बसली’, ‘बसला’ असेच म्हणतात. ‘बेरिंग बसले’ एवढेच वाक्य दिले, तर काम फत्ते झाले की काम वाढले हे ऐकणाऱ्याला संदर्भावरूनच कळते. टिपणात संदर्भावर विसंबू नये. ‘बसवला’ या प्रयोजक रूपात कर्ता स्पष्ट असतो, म्हणून तो संशय राहत नाही. आपले वाक्य खटकते ते याच कारणाने, असे मला वाटते.

ट्रॅक्टर मिस्त्री, पुसद :
गुरुजींचे म्हणणे मान्य आहे, पण या वाक्यातला धोका त्याहून मोठा आहे. ‘बसला की कसावेत’ असे वाचून नवा पोरगा काय करतो ते आम्ही पाहतो. गिअरबॉक्स बोटभर बाहेर राहिला की तो म्हणतो, बोल्ट कसले की बसेल. बोल्टने ओढून आणलेल्या हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचा, कान तुटतो, किंवा क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो, आणि क्लच सुटत नाही ही तक्रार घेऊन गाडी परत येते. म्हणून क्रियापदे पायरीप्रमाणे वेगळी लिहावीत. क्लच शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा, प्लेटमध्ये ‘शिरतो’. त्याचे टोक इंजिनाच्या बाजूच्या छोट्या पायलट बेरिंगमध्ये ‘जाते’. हाउसिंग डॉवेल पिनांवर, म्हणजे जागा नेमकी ठरवणाऱ्या खुंट्यांवर, ‘चढते’ आणि इंजिनाला सगळीकडून ‘भिडते’. हे सर्व हाताने झाले पाहिजे. त्यानंतरच बोल्ट ‘लावायचे’ आणि शेवटी ‘कसायचे’. ‘लावणे’ आणि ‘कसणे’ यांत आमच्याकडे फरक आहे, तो टिपणात जरूर ठेवावा. आणखी एक क्रियापद लिहावे, ते म्हणजे ‘लोंबकळणे’. शाफ्ट अर्धा शिरलेला असताना गिअरबॉक्सचे वजन त्याच्यावर लोंबकळू देऊ नये, खालून जॅकचा किंवा वरून साखळीचा आधार शेवटपर्यंत असावा.

‘उतरवणे’ हा शब्द वापरला असेल तर तोही तपासावा. ट्रकचा गिअरबॉक्स खाली उतरतो, म्हणून आम्ही ‘गिअरबॉक्स उतरवला’ म्हणतो. तुमच्या या गाडीत तो कसा निघतो?

शिल्प निदेशक, दर्यापूर :
आपली शंका रास्त आहे. या गाडीत गिअरबॉक्स दोन आसनांमधल्या अरुंद बोगद्यात असतो आणि खालून निघत नाही. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच, मागचा भाग खाली तिरपा करून, चेन पुलीने वर उचलून काढतात. मी खरोखर ‘उतरवावा’ असे लिहिले होते, ते बदलून ‘इंजिनासह वर उचलून काढावा’ असे करतो.

मूळचा वरुडचा, सध्या पुण्यात नोकरी करणारा अभियंता :
‘स्प्लाइन’साठी ‘आटे’ वापरू नये. आटे बोल्टला असतात आणि ते फिरत जातात, तर स्प्लाइन शाफ्टच्या लांबीने सरळ असते. ‘उभ्या खाचा’ म्हणावे. टाइप ९ च्या क्लच शाफ्टवर अशा २३ खाचा असतात. क्लचप्लेट त्याच मापाची नसेल तर शाफ्ट शिरणारच नाही, म्हणून गिअरबॉक्स उचलण्यापूर्वीच प्लेट हातात धरून शाफ्टवर सरकवून पाहावी. इंग्रजी शब्दांचा एवढा भरणा मला मात्र रुचत नाही. क्लच शाफ्टला ‘निवेशी धुरा’ आणि गिअरबॉक्सला ‘गतिपेटी’ का म्हणू नये?

शिवाय एक शब्द हवा आहे. या गाड्यांचे मालक ‘लाँग फर्स्ट’ गिअर बसवून घेतात. त्याला ‘लांब पहिला गिअर’ म्हणणे विचित्र वाटते.

निवृत्त मराठी शिक्षक, उमरेड :
‘धुरा’ हा शब्द संस्कृतात गाडीशी जोडलेला आहे हे खरे, पण विदर्भात धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि त्यावरून चाललेले खटले पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ‘निवेशी धुरा तपासा’ असे वाचून आमचा विद्यार्थी तलाठ्याकडे जाईल. ‘गतिपेटी’ समजेल, परंतु सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ती कोणी देणार नाही. नामे गॅरेजची असू द्यावीत आणि क्रियापदे निवडून, तोलून मराठी लिहावीत, असे माझे मत आहे. चूक नामामुळे होत नाही, ती क्रियापदामुळे होते, हे मिस्त्रीभाऊंनी दाखवलेच आहे.

‘लाँग फर्स्ट’चा नेमका अर्थ आधी कळावा.

अभियंता, पुणे :
सिएरा ही कुटुंबाची मोटार होती आणि तिचे वजन या गाडीच्या जवळजवळ दुप्पट होते. ती जागची हलावी म्हणून टाइप ९ मध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६५ (इंजिनाच्या ३.६५ फेऱ्यांना गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची एक फेरी) ठेवले आहे आणि दुसऱ्याचे १.९७ आहे. वजनच निम्मे असेल तर पहिला गिअर लगेच संपतो, आणि मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दुसरा टाकला की इंजिन सुमारे ३२४० फेऱ्यांवर येऊन पडते. समजा पहिल्याचे प्रमाण ३.० केले, तर तेच इंजिन सुमारे ३९४० वर राहते. म्हणून गिअरबॉक्स बदलतानाच पहिला गिअरही बदलून घेण्याची रीत आहे.

ट्रॅक्टर मिस्त्री, पुसद :
म्हणजे शंकरपटातल्या शर्यतीच्या छकड्याला ओझ्याच्या बंडीचा जोर कशाला, असे झाले. यासाठी ‘पल्ला’ हा शब्द घ्यावा. ‘पहिल्या गिअरचा पल्ला वाढवला’ म्हटले की कोणत्याही ड्रायव्हरला समजते. ‘मोठा’ आणि ‘छोटा’ गिअर मात्र लिहू नये, कारण ड्रायव्हर पहिल्याला छोटा म्हणतो आणि तुमच्या तक्त्यात त्याचाच आकडा सगळ्यांत मोठा असतो.

शिल्प निदेशक, दर्यापूर :
‘पल्ला’ स्वीकारतो. परिच्छेद आता असा केला आहे : ‘क्लचप्लेटचे सेंटर डमी शाफ्टने (क्लच शाफ्टच्या मापाच्या नकली दांड्याने) जुळवून, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट कसावी. गिअरबॉक्स आधारावर ठेवून इंजिनाच्या रेषेत आणावा. तो टॉप गिअरमध्ये टाकावा आणि मागचे टोक हाताने किंचित फिरवत क्लच शाफ्ट प्लेटच्या खाचांत सरकवावा. हाउसिंग डॉवेल पिनांवर चढून इंजिनाला सर्व बाजूंनी भिडल्याची खात्री करावी. फट राहिल्यास बोल्टने ओढू नये, गिअरबॉक्स मागे घेऊन पुन्हा सरकवावा. भिडल्यावर सर्व बोल्ट हाताने लावावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने कसावेत.’

यानंतर जोडलेला संच गाडीत सोडून तेल भरावे, असे लिहिले आहे. सुट्या भागांच्या संचासोबत जोडणीची माहिती देण्याला करनियमांची आडकाठी होती, म्हणून लोटसने गाडी सुटी करण्याची माहिती दिली आणि ग्राहकांनी ती उलटी वाचली, असा एक किस्सा सांगितला जातो. तो शेवटी द्यावा का?

ट्रॅक्टर मिस्त्री, पुसद :
किस्सा द्यावा, पण कृती उलटी वाचायला सांगू नये. सुटे करताना ‘सेंटर जुळवणे’ ही पायरीच नसते. तेल नंतर भरावे हे बरोबर आहे, फक्त कारणही लिहावे. संच तिरपा करून आत सोडताना मागचे टोक खाली असते आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट अजून लागलेला नसतो, त्यामुळे आधी भरलेले तेल तिथून बाहेर येते. बोगद्यात तेल भरण्याच्या प्लगपर्यंत हात पोहोचत नसेल आणि तेल आधीच भरावे लागत असेल, तर मागचे तोंड बुच लावून बंद करावे. तिथे ‘तेल गळते’ असे लिहू नये, ‘तेल सांडते’ असे लिहावे, कारण गळते म्हटले की पोरगा चांगले सील काढून नवे आणायला जातो.