मदत हवी आहे: मोजमाप पुस्तिकेसाठी प्रथम अपील कसे लिहावे?

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या एका साप्ताहिकासाठी मी आमच्या भागातील रस्त्याच्या कामाचा शोध घेत आहे. उखडलेल्या कडेला मी स्वतः पट्टी लावली तेव्हा खडीचा थर जेमतेम ७ सेंटिमीटर भरला. एका कर्मचाऱ्याने विश्वासाने दिलेल्या मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची सरकारी वही) छायाप्रतीत मात्र १५ सेंटिमीटरची नोंद आहे. ती प्रत छापली, तर समासातील पेन्सिलीच्या खुणांवरून ती कोणाच्या टेबलावरून आली हे लगेच ओळखू येईल आणि त्या माणसाची नोकरी जाईल, म्हणून तोच कागद मी माहितीच्या अधिकाराखाली रीतसर मागितला. ‘चौकशी सुरू आहे’ एवढ्याच कारणावर, चौकशीत अडथळा आणणारी माहिती नाकारू देणारे कलम ८(१)(ज) दाखवून, अर्ज फेटाळला गेला. वास्तविक, माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अपिलाची ३० दिवसांची मुदत संपत आली आहे. हा मुद्दा नेमक्या कोणत्या शब्दांत मांडावा? कामाची पाहणी करून नमुने घेण्याची मागणी याच अपिलात जोडता येते, की त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो? अशी अपिले स्वतः लढवलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.